तुमच्या नावापुढचे आकडे

सिस्टर, तुम्ही गेल्याला आज एकतीस दिवस झाले आणि मला अजून तुमचा राग येतोय. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. दहाव्यानंतर दोन दिवसांनी उपकेंद्राच्या ओट्यावर तुमची शोकसभा झाली तेव्हा सगळे उठून बोलले. सरपंच बोलले, डॉक्टरसाहेब बोलले, अंगणवाडीच्या बाईंना तर बोलता बोलता खाली बसावं लागलं. गावाची बीपी-शुगर कमल सिस्टरनं सांभाळली, असं जो तो म्हणाला. मला बोलायला दोनदा हाक मारली. मी उठले नाही. लोकांना वाटलं, निर्मलाला बोलवत नाही, इतकं दुःख झालंय. दुःख होतंच. पण मी तोंड उघडलं असतं तर जे बाहेर पडलं असतं, ते हार घातलेल्या फोटोसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

शेंद्र्याच्या पलीकडच्या आमच्या गावात तुम्ही नर्स म्हणून बदलून आलात, तेव्हा मी नुकतीच आशा झाले होते. दहावी पास, दोन लेकरं, बुद्धविहारामागचं दोन खोल्यांचं घर. घरोघर जायचं, गरोदर बायांची नावं लिहायची, लसीकरणाला पोरं गोळा करायची, एवढंच माझं काम होतं. बीपी बघणं आशाचं काम आहे असं तेव्हा कुठं लिहिलेलं नव्हतं. ते तुम्ही शिकवलंत. कोपराच्या वर दोन बोटं सोडून दंडावर मशीनचा कफ बांधायचा, बाई भांडून आली असेल तर पाच मिनिटं बसवायचं, बोलू द्यायचं नाही, पाय लोंबकळू द्यायचे नाहीत. तुम्ही हे इतक्या वेळा सांगितलंत की मी झोपेतही कफ बांधला असता.

शांताबाई आठवतात ना? वरच्या आळीतल्या. पहिल्या शिबिरात मी त्यांच्या दंडाला हात लावायला गेले, तर त्यांनी पदर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुमीच बांधा." का, ते सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. मी मागं सरले. तुम्ही रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणालात, "बांधणार निर्मलाच. मी नुसती आकडा लिहिणार. बांधायचं नसेल तर पुढच्या बाईला येऊ द्या." शांताबाईंनी पदर सोडला आणि हात पुढं केला. तुम्ही त्यावर नंतर कधी एक शब्द बोलला नाहीत, मीही नाही. पण त्या दिवसापासून गावात माझा हात कुणी नाकारला नाही. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर राग करणं सोपं गेलं असतं.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. विहिरी तळाला गेल्या, हातपंप नुसतेच वाजायचे, गावात टँकर दिवसाआड यायचा. माणसं उपकेंद्रात यायची बंद झाली, कारण बाया टँकरच्या ओळीत आणि गडी कंपन्यांच्या गेटवर. पिकं नव्हती म्हणून निम्मं गाव त्या वर्षी शेंद्र्याच्या कंपन्यांत रोजानं जायला लागलं. डॉक्टरसाहेब मीटिंगमध्ये म्हणाले की पेशंट येत नाहीत तर आपण काय करणार. दुसऱ्या दिवशी तुम्ही टेबल, मशीन आणि गोळ्यांचा डबा उचलून टँकर थांबतो त्या लिंबाखाली नेऊन मांडलात. हंडा ओळीत, बाई आपल्यापुढं. तिथंच कळलं की निम्म्या बायांनी बीपीवरची लघवीची गोळी बंद केलीये. "प्यायलाच पाणी नाय, आन् ही गोळी सारखी लघवीला लावती," असं एकीनं सांगितलं आणि मग सगळ्याच बोलल्या. तुम्ही सगळ्यांची नावं लिहून घेतलीत, डॉक्टरसाहेबांकडं गेलात आणि ज्यांची बदलता येत होती त्यांची गोळी बदलून आणलीत. शिव्या न देता, भीती न घालता. मी तुमच्याकडं बघून शिकत होते. माणूस गोळी का घेत नाही, हे आधी ऐकून घ्यायचं.

त्याच उन्हाळ्यात मी ते पाप केलं.

टेकडीमागच्या वस्तीवर आपले अकरा पेशंट होते. चालत पाऊण तास. त्या दिवशी जायची माझी पाळी होती आणि त्याच दिवशी टँकर येणार होता. घरात घोटभर पाणी नव्हतं. टँकर दुपारी अडीचला आला. पाणी भरून झालं तेव्हा मला उभं राहवत नव्हतं. मी घरात बसून रजिस्टर उघडलं, मागच्या महिन्याचे आकडे बघितले आणि थोडे इकडचे तिकडे करून अकरा नावांपुढं अकरा बीपी लिहून टाकले.

दोन दिवसांनी तुम्ही रजिस्टर चाळताना थांबलात. एका म्हातारीच्या नावावर बोट ठेवलंत आणि विचारलंत की हिचा बीपी तू कुठं बघितलास. मी म्हटलं, वस्तीवर. तुम्ही म्हणालात की ती म्हातारी आठ दिवसांपासून लेकीकडं वाळूजला आहे, तिचा मुलगा तुम्हाला बसमध्ये भेटला होता.

तुम्ही ओरडला नाहीत. डॉक्टरसाहेबांना सांगितलं नाहीत. छत्री घेतलीत, मशीन माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, चल. भर दुपारी आपण वस्तीवर गेलो. म्हातारीचं घर सोडून दहा घरं. प्रत्येक घरापुढं मला उभं केलंत आणि एकच वाक्य म्हणायला लावलंत: मी तुमचा बीपी तपासला नव्हता, मनानं लिहिला होता, माझं चुकलं. पहिल्या घरी माझ्या तोंडातून आवाज निघेना. तुम्ही थांबलात. निघेपर्यंत थांबलात. सहाव्या घरी लक्ष्मण आबा बाजेवर पडले होते. त्यांच्या नावापुढं मी एकशे अडतीस लिहिलं होतं. मशीननं दोनशे बारा दाखवला. तुम्ही परत बघितला, दुसऱ्या हाताला बघितला. मग कुणाची तरी जीप मिळवून तुम्ही स्वतः त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलात. आबा वाचले. डाव्या हाताला जरा कमजोरी राहिली, तेवढीच.

परत आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "वहीत खोटं लिहिलं तर त्यानं मरणारं माणूस आपल्याला दिसत नाही ग निर्मला. आज दिसलं, हे तुझं नशीब."

तीन महिने मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. अपमान पोटातून जाईना. पण त्यानंतर एकदाही मी न बघितलेला आकडा लिहिला नाही. पाऊस असो, ताप असो, मशीनचा सेल संपलेला असो. जागा रिकामी ठेवली, डॉक्टरसाहेबांची बोलणी खाल्ली, पण लिहिला नाही. माझी लेक आता नर्सिंगला आहे. तिला मी शिकवलेली पहिली गोष्ट हीच. तुमचं नाव घेऊन शिकवली.

पुढं तिशीच्या वरच्या सगळ्यांना तपासायचं असं वरून आलं. लोक हसले. धडधाकट माणसाला कशाला तपासता म्हणाले. तुम्ही म्हणालात, आधी आपण. ओट्यावर सगळ्यांसमोर आपण एकमेकींचा बीपी बघितला. माझा बरा निघाला. तुमचा एकशे बासष्ट-शंभर. मीच बांधला होता कफ. दोनदा बघितला. तुम्ही हसलात आणि म्हणालात, लिही. तुमचं घर शहराच्या पार पलीकडं, पडेगावला. तरी तुम्ही तुमचं नाव आमच्या गावाच्या रजिस्टरात घातलंत, लोकांना दिसावं म्हणून. डॉक्टरसाहेबांनी गोळी चालू केली.

तेव्हा लक्ष्मण आबा पुन्हा अडून बसले होते. दवाखान्यातून आल्यावर महिनाभर गोळ्या घेतल्या आणि मग बरं वाटतंय म्हणून सोडून दिल्या. "एकदा लागली की जलमभर लागती," हे त्यांचं पालुपद. तुम्ही त्यांच्या बाजेवर बसलात, पर्समधून तुमची गोळी काढलीत, मला पाणी मागितलंत आणि त्यांच्यासमोर गिळलीत. म्हणालात, "आबा, आता मी जलमभर खाणार. तुम्ही खाणार का, बोला." आबा म्हणाले, "तुमी खाता तर मी बी खातो." तेव्हापासून त्यांनी एक दिवस चुकवला नाही. सहा वर्षं.

आणि तुम्ही?

तुमचा दहावा झाल्यावर मी पडेगावला गेले. तुमच्या मिस्टरांनी, सरांनी, फोन करून बोलावलं होतं, सरकारी सामान परत न्यायला. तुमची मुलगी पुण्याहून आलेली होती, तिनं चहा दिला. सरांनी मशीन दिलं, टेप दिली, ओळखपत्र दिलं. मग म्हणाले, कपाटात गोळ्या पण आहेत, त्या दवाखान्याच्याच असतील, बघा. कपड्यांच्या खालच्या कप्प्यात एक कापडी पिशवी होती. मी ती पलंगावर उपडी केली. आपल्याच गोळ्या. मी मोजून दिलेल्या, दर महिन्याच्या वाटपात तुमच्या नावावर लिहून, तुमच्या हातात ठेवलेल्या. पट्ट्यांवर पट्ट्या. रबर लावून ठेवलेल्या, एकाही पट्टीला नख लागलेलं नाही.

मला आधी काय वाटलं सांगू? मला वाटलं, तुम्ही दुसऱ्यांसाठी साठवल्या असतील. मध्यंतरी गोळ्यांचा पुरवठा दोन महिने बंद झाला होता, तेव्हासारखी वेळ आली तर असाव्यात म्हणून. तुम्ही तशाच आहात. मी पलंगावर बसून एक मिनिटभर तुम्हाला देव करून टाकलं. मग पट्ट्यांच्या मागच्या तारखा बघितल्या. निम्म्याअधिक केव्हाच्या बाद झालेल्या. पुरवठा बंद असताना आपण बायांना अर्ध्या महिन्याच्याच गोळ्या देत होतो, शांताबाईंना मी हात हलवत परत पाठवलं होतं, तेव्हासुद्धा ह्या इथंच पडलेल्या होत्या.

सर दारात उभे होते. मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं. गोळीनं तुमच्या पायाला सूज यायची. पडेगाव ते स्टँड, स्टँड ते गाव, दोन बस, त्यात शहरातल्या पुलांची आणि खोदलेल्या रस्त्यांची कामं निघाल्यापासून दोन-दोन तास उभं राहावं लागायचं. चप्पल चढायची नाही. तुम्ही म्हणालात, चार दिवस बंद करून बघते. सूज उतरली. बरं वाटलं. मग राहूनच गेलं. "मी दोनदा बोललो तिला," सर म्हणाले, "तर म्हणाली, मला शिकवू नका, माझं रोजचं काम आहे ते."

बरं वाटलं म्हणून बंद केली. सिस्टर, हे वाक्य आपण गावात किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल? ह्या वाक्याला काय उत्तर द्यायचं, ते तुम्ही मला पाठ करून घेतलं होतं. आणि पायाची सूज! शांताबाईंच्या पायाला त्याच गोळीनं सूज आली होती. त्या काही बोलल्या नव्हत्या. तुम्ही त्यांच्या पायात जोडव्यांचे वळ बघून ओळखलंत. दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरसाहेबांसमोर बसवलंत आणि गोळी बदलून घेतलीत. पंधरा दिवसांत सूज गेली. तुम्हाला तर डॉक्टरसाहेबांच्या खुर्चीपर्यंत दहा पावलं चालायचं होतं.

निघताना सर म्हणाले, "निर्मलाताई, हे गावात कुणाला कळू देऊ नका. तिची तेवढीच कमाई आहे." मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. पिशवी घेऊन बसमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडलं. तुमच्या नावापुढं दर महिन्याचा बीपी आहे. एकशे अठ्ठावीस-ब्याऐंशी. एकशे तीस-चौऱ्याऐंशी. एकशे सव्वीस-ऐंशी. सगळं तुमच्या अक्षरात. गोळीच्या रकान्यात बरोबरची खूण. मी पानं मागं मागं उलटत गेले. पहिला एकशे बासष्टचा आकडा माझ्या अक्षरात आहे. पुढच्या तीन महिन्यांचे पण माझ्या अक्षरात. त्यानंतर माझं अक्षर नाही. त्यानंतर मी तुमच्या दंडाला कफ बांधल्याचं मला आठवतच नाही. महिन्याच्या शेवटी तुम्ही म्हणायचात, "माझा मी घरी बघितला," आणि लिहायचात. मी शाई वाळायची वाट बघून पान उलटायचे.

ते आकडे तसेच आहेत, सिस्टर. मागच्या महिन्याचे बघून थोडे इकडचे तिकडे केलेले. मला ते कसे लिहितात ते माहीत आहे.

ते पान बघितल्यावर मला मे महिन्यातला तो दुपारचा प्रसंग आठवला. तुम्ही जायच्या सहा दिवस आधीचा. तुम्ही खुर्चीत बसून कपाळ दाबत होतात. ऊन लागलं म्हणालात. मी कफ घेऊन तुमच्याजवळ आले होते. हातात धरून उभी होते. म्हटलं, बघू का? तुम्ही म्हणालात, "सकाळीच बघितला. तू तुझ्या याद्या पूर्ण कर." आणि मी गेले. मी याद्या पूर्ण केल्या. सहाव्या दिवशी तुम्ही बसला निघताना दारातच पडलात. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव.

मी का गेले? शांताबाईंनी पदर ओढला होता, तिथं मी अडून बसायला शिकले. लक्ष्मण आबांसारख्या माणसाचा मी हात धरून ठेवते. तुमचा नाही धरला. तुम्ही मोठ्या होतात म्हणून. तुम्ही खोटं लिहाल हे माझ्या मनात येऊच शकत नव्हतं म्हणून. मी कुणावर एवढा विश्वास टाकलेला नव्हता, आणि त्याच विश्वासानं मला तुमच्यापासून लांब ठेवलं. हा राग मी तुमच्यावर काढू की माझ्यावर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण रागापायी मी कुणाला सांगितलं नसतं. पिशवी मी पेटीत ठेवून दिली होती. सांगावं लागलं ते गावामुळं.

शोकसभेनंतर तिसऱ्या दिवशी लक्ष्मण आबा काठी टेकत उपकेंद्रात आले आणि त्यांनी त्यांच्या गोळ्या टेबलावर ठेवल्या. म्हणाले, "सिस्टर रोज गोळी खायच्या. आमच्यादेखत खायच्या. तरी डोक्याचीच नस फुटली न्हवं? मंग आमी कामून खायची?" मी त्यांना समजवायला गेले, पण माझ्याजवळ सांगण्यासारखं एकच खरं होतं आणि ते मी गिळून बसले होते. आबा गेले. त्या आठवड्यात वाटपाच्या दिवशी निम्मी माणसंसुद्धा आली नाहीत. मी घरोघर गेले तर प्रत्येक उंबऱ्यावर तेच वाक्य. कुणी म्हणे, गोळीनंच नस पातळ होती. कुणी म्हणे, नशिबात असतं तेच होतं, सिस्टर एवढ्या जपणाऱ्या, त्याच नाही राहिल्या. तुमचं नाव घेऊन माणसं गोळ्या घ्यायला लागली होती, तुमचंच नाव घेऊन सोडत होती.

उपकेंद्राचा सगळा कारभार आता सीएचओ मॅडमकडं आहे, त्यांना तुम्ही नीट ओळखता. पोरसवदा, पण कामाच्या. त्यांना मी पिशवी दाखवली. त्या म्हणाल्या की पेशंटची माहिती आपल्याला बाहेर सांगता येत नाही, आणि सिस्टर याही आपल्या पेशंटच होत्या. त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, मग ह्या लोकांना काय सांगू? त्या म्हणाल्या, गोळीचं महत्त्व समजावून सांगा. मी म्हटलं, ते सांगायला माझ्याजवळ सिस्टरचाच दाखला होता.

मी दोन दिवस विचार केला. सरांचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना. तुमचा पण. मंगळवारी लिंबाखाली सगळ्यांना बोलावलं. लक्ष्मण आबांना त्यांच्या नातसुनेनं हाताला धरून आणलं. मी पिशवी आणली नव्हती. तुमच्या गोळ्यांचा तमाशा मला करायचा नव्हता. मी नुसतं सांगितलं. सिस्टरना बीपी होता. पहिले काही महिने त्यांनी गोळी घेतली. पायाला सूज आली म्हणून बंद केली. पुन्हा चालू केली नाही. बीपी बघितलाही नाही. रजिस्टरमध्ये जे लिहिलंय ते खरं नाही. त्या गोळीनं गेल्या नाहीत, गोळी न घेतल्यानं गेल्या.

लिंबाखाली पन्नास माणसं होती आणि मला कंपनीच्या दुपारच्या पाळीचा भोंगा ऐकू आला.

मग लक्ष्मण आबा म्हणाले, "माह्या बाजंवर बसून खाल्ली, ती बी खोटीच का?"

मी म्हटलं, "ती खरी होती आबा. पाणी मीच दिलं होतं."

"आन् बाकीच्या?"

मी नाही म्हणून मान हलवली. आबा उठले. नातसून त्यांना धरायला गेली तर त्यांनी तिचा हात झटकला आणि एकटेच घराकडं चालायला लागले. कुणीतरी मागून म्हणालं की मेलेल्या बाईची अब्रू काढायला हिला लाज कशी वाटली नाही. बरोबरच आहे. मला लाज वाटतच होती.

तेव्हा शांताबाई बोलल्या. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत, बसूनच बोलल्या. "मह्या पायाची सूज तिनं न सांगता वळखली. ती दहा वर्सं आपल्या दारात पाय ओढीत येत व्हती. तिच्या पायाकडं कोनी बघितलं?" असं म्हणून त्यांनी दंडावरचं पोलकं वर सरकवलं आणि मला म्हणाल्या, "बांध."

त्यांच्यामागं हळूहळू ओळ लागली. सगळी नाही. जी उठून गेली ती गेली. गेल्या आठ दिवसांत त्यातली बरीच परत आली आहेत, काही यायची आहेत. लक्ष्मण आबा आलेले नाहीत. मी रोज त्यांच्या घरी जाते. ते तोंड फिरवून पडतात. काल त्यांच्या नातसुनेनं सांगितलं की गोळ्या घेत नाहीत, पण पट्टी उशाखाली ठेवून घेतलीये. मी उद्या परत जाईन.

सरांपर्यंत बातमी पोचायला दोन दिवस लागले. त्यांचा फोन आला. ते रागवले नाहीत, त्यापेक्षा वाईट. म्हणाले, "तुमच्यावर तिचा फार जीव होता, निर्मलाताई." आणि फोन ठेवला. मी परत लावला नाही. त्यांना काय सांगणार होते? तुम्ही मला फसवलंत आणि मी त्यांना फसवलं. तुमचं झाकून ठेवलं असतं तर आबांसारखी माणसं एकेक करून तुमच्या मागं आली असती, आणि तुमच्या नावावर जमा झाली असती. मी हे सरांना सांगू शकत नाही. तुम्हाला सांगू शकते. तुम्ही मला ह्यासाठी शिव्या दिल्या असत्यात की पाठीवर हात ठेवला असतात, मला खरंच माहीत नाही. पूर्वी माहीत असतं.

एकच गोष्ट मला राहून राहून खुपते. तुम्ही मला दहा घरांपुढं उभं केलं होतंत. तुम्हाला एकाच माणसाला सांगायचं होतं. मी समोरच्या टेबलावर बसत होते, रोज. तुम्ही नुसतं म्हणाला असतात की निर्मला, मी बघितला नाही, मनानं लिहिला, तर मी काय केलं असतं असं वाटलं तुम्हाला? मी हसले नसते. मी कुणाला सांगितलं नसतं. मी उठून कफ बांधला असता. पण त्या वस्तीवर माझं तोंड कसं झालं होतं, ते तुम्ही बघितलेलं होतं. तसं तुमचं तोंड माझ्यासमोर व्हायला नको होतं तुम्हाला. म्हणजे तुम्ही मला जे करायला लावलंत, ते किती जड होतं हे तुम्हाला पुरतं ठाऊक होतं. असं माझं मला वाटतं. ते खोटंही असेल. विचारायला तुम्ही नाही.

आज महिन्याचं रजिस्टर बंद करायचं होतं. गेलेल्या पेशंटच्या नावापुढं मृत्यू असा शेरा लिहून ओळ बंद करतात, हे तुम्हीच शिकवलेलं. तुमच्या ओळीशी मी थांबले. सीएचओ मॅडमना विचारलं, वरचे आकडे खोडू का. त्या म्हणाल्या, खाडाखोड करता येत नाही, शेरा लिहिता येतो. मग पेन माझ्याकडं सरकवून म्हणाल्या, "तुम्हीच लिहा."

मी लिहिलं: मृत्यू. पाचव्या महिन्यापासूनच्या नोंदी प्रत्यक्ष तपासून केलेल्या नाहीत. त्याखाली लिहिलं: आम्ही तपासायला हव्या होत्या. हे दुसरं वाक्य रजिस्टरमध्ये लिहायचं नसतं, पण मॅडमनी बघितलं आणि तसंच राहू दिलं. मी सही केली, तारीख घातली. बाहेर बाया बसल्या होत्या. तुमच्या खालच्या ओळीतलं नाव वाचलं आणि तिला आत बोलावलं.